लेड झेपेलिनचा दुसरा अल्बम : 'आरएल' प्रत ओळखावी कशी?

आडवाटेचा श्रोता (धागाकर्ता)

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या दुसऱ्या अल्बमची 'आरएल' (म्हणजे रॉबर्ट लडविग या अभियंत्याने कापलेली) जुनी अमेरिकन प्रत घ्यायची असेल तर कव्हर आणि लेबल शेवटी पाहावे. आधी रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरावी आणि शेवटचे गाणे संपते तिथपासून लेबलापर्यंतचा गुळगुळीत पट्टा वाचावा. हे मी इथे निरनिराळ्या धाग्यांत तुकड्यातुकड्यांनी लिहिले आहे, पण व्यक्तिगत संदेशांतून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागल्यामुळे सगळे एका जागी मांडतो आहे. जाणकारांनी भर घालावी आणि माझे चुकत असेल तिथे भीड न ठेवता सांगावे.

हा अल्बम अटलांटिक कंपनीने ऑक्टोबर १९६९ मध्ये काढला. त्याचा अमेरिकन क्रमांक एसडी ८२३६. अंतिम मिश्रण बँडचा गिटारवादक जिमी पेज आणि ध्वनी अभियंता एडी क्रेमर यांनी न्यूयॉर्कमध्ये केले, आणि त्या टेपवरून लॅकरची तबकडी (जिच्यावरून पुढे छपाईचे साचे बनतात ती) कापण्याचे काम तिथल्याच स्टर्लिंग साउंड या स्टुडिओत रॉबर्ट लडविग या पंचविशीच्या उंबरठ्यावर असलेल्या अभियंत्याकडे आले. त्याने आवाजाची पातळी चांगलीच चढी ठेवली आणि खर्जाला कात्री लावली नाही. खर्जाचा सूर जितका जोरकस, तितकी खाच डावीकडे-उजवीकडे जास्त झोकांड्या खाते, आणि त्या झोकांड्यांबरोबर धावण्याची ताकद वाजवणाऱ्याच्या पिकअपमध्ये (सुई बसवलेल्या भागात) असावी लागते. पुढे काय झाले ते लडविगने स्वतःच मुलाखतींमध्ये सांगितले आहे. अटलांटिकचे प्रमुख अहमद एर्टेगन यांच्या मुलीने नवी रेकॉर्ड घरच्या स्वस्तातल्या प्लेअरवर लावली, सुई उड्या मारू लागली, आणि कंपनीने धसका घेऊन पातळी आणि खर्ज उतरवून रेकॉर्ड पुन्हा कापून घेतली. दोष खरे तर त्या प्लेअरचा होता, पण १९६९ मध्ये बहुतेक गिऱ्हाइकांच्या घरी तसलेच प्लेअर होते, त्यामुळे कंपनीच्या निर्णयाला अगदीच वेडेपणाही म्हणता येत नाही.

यातून संग्राहकासमोर एक विचित्र अडचण उभी राहते. दोन्ही कटिंगच्या प्रती थोड्याच अंतराने बाजारात आल्या, आणि त्यांचे कव्हर सारखेच, लेबलही सारखेच. पुस्तकाची पहिली आवृत्ती आतल्या पानावर छापलेली असते. रेकॉर्डची 'आवृत्ती' मात्र कापणाऱ्याने टोकदार हत्याराने हाताने कोरलेली असते, आणि तीही अशा जागी की जिथे कोणाची नजर सहसा जात नाही. लडविगच्या कटिंगच्या प्रतीवर तिथे रोमन लिपीत 'आरएल' ही त्याची आद्याक्षरे आणि स्टर्लिंग साउंडची 'एसएस' ही खूण असते. शेजारी मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या बाजूच्या ध्वनिमुद्रणाला कंपनीने दिलेला क्रमांक, असतो: पहिल्या बाजूला एसटी-ए-६९१६७१, दुसऱ्या बाजूला एसटी-ए-६९१६७२, आणि पुढे त्या विशिष्ट लॅकरचे अक्षर. क्रमांक सर्व अमेरिकन प्रतींवर सारखाच असल्यामुळे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. पाहायची ती आद्याक्षरे.

हे कोरीव अक्षर आपल्यापर्यंत जसेच्या तसे पोहोचते, त्याचे कारण छपाईच्या पद्धतीत आहे. लॅकरवर धातूचा थर चढवून त्याचा उलटा साचा काढतात, त्या साच्यावरून पुन्हा सुलटी 'मदर' बनते, मदरवरून उलटे 'स्टँपर' बनतात आणि स्टँपर तापलेल्या प्लॅस्टिकवर दाबून रेकॉर्ड निघते. उलट-सुलटचा हा खेळ बरोबर सम संख्येने होत असल्यामुळे लॅकरवर सुलटे लिहिलेले रेकॉर्डवरही सुलटेच उमटते. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये एका माणसाने कोरलेली दोन अक्षरे तुम्ही नखाने चाचपू शकता. मला या छंदात जे काही रोमांचक वाटते ते इथे आहे, किमतीत नाही.

लेबलाविषयी थोडेसे. त्या काळचे अटलांटिकचे लेबल वर हिरवे आणि खाली तांबूस-नारिंगी असून कडेच्या बारीक मजकुरात १८४१ ब्रॉडवे हा पत्ता असतो. १९७० च्या दशकाच्या मध्यानंतरच्या लेबलांवर ७५ रॉकफेलर प्लाझा असा पत्ता येतो. रॉकफेलरचा पत्ता दिसला तर ती प्रत बाजूला ठेवता येते. पण ब्रॉडवेचा पत्ता दिसला म्हणून हुरळून जाऊ नये, कारण तो पत्ता कित्येक वर्षे तसाच होता आणि दुसऱ्या, उतरवलेल्या कटिंगच्या असंख्य प्रतींवरही तोच आहे. विक्रेते नेमके इथेच गिऱ्हाइकाला गुंडाळतात. 'ब्रॉडवे लेबल, पहिली छपाई' असे लिहितात आणि गुळगुळीत पट्ट्याचा फोटो देत नाहीत.

मंद्रसप्तक

उत्तम धागा. मी न्यू जर्सीत राहतो आणि इथल्या रेकॉर्ड मेळ्यांमध्ये या अल्बमच्या बऱ्याच प्रती हाताळल्या आहेत, म्हणून कारखान्यांविषयी भर घालतो. अटलांटिक त्या काळी एकच माल निरनिराळ्या कारखान्यांतून छापून घेत असे, आणि लेबलवरच्या क्रमांकाला जोडलेल्या अक्षरांवरून कारखाना कळतो. 'पीआर' म्हणजे आमच्याच राज्यातल्या अँकोरा गावचा प्रेसवेल कारखाना, 'एमओ' म्हणजे लॉस एंजेलिसचा मोनार्क, 'सीटीएच' म्हणजे इंडियाना राज्यातल्या टेरे होट इथला कोलंबियाचा कारखाना. या तिन्ही ठिकाणच्या 'आरएल' प्रती मिळतात, आणि याच तिन्ही ठिकाणच्या 'आरएल' नसलेल्या प्रतीही मिळतात. म्हणून कारखान्याच्या नावावरून कटिंगचा अंदाज बांधणे व्यर्थ आहे.

मोनार्कची आणखी एक खूण म्हणजे वर्तुळातले 'एमआर' हे यंत्राने ठोकलेले चिन्ह, आणि त्रिकोणापुढे कोरलेला कारखान्याचा स्वतःचा अनुक्रमांक. दुसऱ्या बाजूला त्याच अनुक्रमांकापुढे 'एक्स' जोडलेला असतो. प्रेसवेलच्या प्रतींवर 'एलडब्ल्यू' ही अक्षरे आढळतात. ती लाँगवेअर या धातूचा थर चढवणाऱ्या कंपनीची आहेत. मेळ्यात अपुऱ्या उजेडात नवखा माणूस 'एलडब्ल्यू'मधला 'एल' पाहतो आणि उरलेले मनाने वाचतो. मी स्वतः एकदा ते केले आहे.

जुनी सुई

माझी फसगत इथे नोंदवून ठेवतो, कारण ती थोडी वेगळ्या प्रकारची आहे. काही वर्षांपूर्वी मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून ही रेकॉर्ड मागवली. त्याने 'आरएल' अक्षरांचा स्वच्छ, ठळक फोटो दिला होता, त्यामुळे मी निश्चिंत होतो. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून रेकॉर्डच्या किमतीइतकीच रक्कम पुन्हा भरली, पुठ्ठ्याचे खोके उघडले, पहिली बाजू लावली आणि खरोखर तृप्त झालो. दुसरी बाजू लावल्यावर मात्र आवाज एकदम मागे सरकल्यासारखा वाटला. मी आधी तारा तपासल्या, मग सुई पुसली, मग कानांवर संशय घेतला. शेवटी विजेरी घेऊन पट्टा वाचला तेव्हा कळले की दुसऱ्या बाजूवर 'आरएल' नाहीच. विक्रेत्याचा फोटो खरा होता, पण तो एकाच बाजूचा होता. तक्रार केल्यावर त्याने उत्तर दिले की त्याने दोन्ही बाजूंचा दावा केलेलाच नव्हता, आणि त्याच्या जाहिरातीची भाषा पुन्हा वाचली तेव्हा तेही खरे निघाले.

दोन्ही बाजूंचे स्टँपर कारखान्यात स्वतंत्रपणे बदलले जात असल्यामुळे अशा मिश्र प्रती निघणे स्वाभाविक आहे. त्यामुळे आता मी कोणालाही सल्ला देताना इतकेच सांगतो की दोन्ही बाजूंचे फोटो मागा आणि जाहिरातीतला 'आरएल' हा शब्द एकदा आला आहे की दोनदा, हेही मोजा.

अंजिरी

नमस्कार. मी या विषयात अगदी नवी आहे. माझे मामा १९७० च्या सुमारास शिक्षणासाठी डेट्रॉइटला होते आणि परत येताना त्यांनी पेटी भरून रेकॉर्डी आणल्या होत्या. त्या इतकी वर्षे ठाण्याच्या घरी माळ्यावर होत्या. मामी आता घर आवरत आहेत आणि त्यांनी ती पेटी माझ्या हवाली केली आहे. त्यात हा अल्बम आहे. तपकिरी कव्हर आहे, त्यावर जुन्या काळच्या वैमानिकांसारख्या माणसांचा गट उभा आहे, आणि आतल्या बाजूला मामांचे नाव शाईच्या पेनाने लिहिलेले आहे. पावसाळ्यांमुळे कव्हरवर बुरशीचे ठिपके आहेत.

मला एक शंका आहे. पहिल्या गाण्याच्या शेवटाकडे वाद्ये थांबतात आणि गायक एकटा ओरडतो, त्या जागी त्याचा आवाज येण्याच्या क्षणभर आधी तीच ओळ फार हलक्या आवाजात, दुरून आल्यासारखी ऐकू येते. रेकॉर्ड खराब झाली आहे असे समजायचे का? शेजारच्या खाचेतला आवाज झिरपतो, असे कुठेतरी वाचले होते.

आडवाटेचा श्रोता (धागाकर्ता)

अंजिरी, निश्चिंत असा. शेजारच्या खाचेचा आवाज झिरपणे हा दोष असतो, हे खरे. पण तुम्ही सांगता तो आवाज या अल्बमच्या प्रत्येक प्रतीवर आहे, कारण तो मूळ टेपवरच आहे. रॉबर्ट प्लांटच्या आधीच्या गायनाचा आवाज टेपवर झिरपला होता, मिश्रण करताना तो काही केल्या निघेना, तेव्हा पेज आणि क्रेमर यांनी तो दडपण्याऐवजी त्यावर प्रतिध्वनी चढवला आणि तसाच राहू दिला. आज तो नसलेला कोणी ऐकवला तर गाणे अर्धवट वाटेल.

कव्हरवरची माणसे म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या जर्मन वैमानिकांच्या, मानफ्रेड फॉन रिश्टहोफेनच्या तुकडीच्या छायाचित्रावर डेव्हिड ज्युनिपर या चित्रकाराने केलेली करामत आहे. काही चेहऱ्यांच्या जागी त्याने बँडच्या सदस्यांचे चेहरे बसवले. कव्हर सुरेख आहे, पण ओळखीच्या कामात त्याचा उपयोग शून्य. बुरशी ओल्या कापडाने पुसू नका, छपाई निघते. कोरड्या मऊ ब्रशने झटका आणि कव्हर हवेशीर सावलीत दोन दिवस उघडे ठेवा. रेकॉर्ड मात्र धुवायला हवी. माळ्यावरची धूळ खाचांत असताना ती वाजवू नका, कारण सुई ती धूळ खाचांच्या भिंतींवर घासत नेते.

आणि दोन्ही बाजूंचे पट्टे वाचून इथे लिहा. खोलीतले दिवे घालवा, एकच टेबललॅम्प ठेवा, रेकॉर्ड कडांवर दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू फिरवा. ठराविक कोनात अक्षरे एकदम उजळून दिसतात.

चोखंदळ

मला थोडा विरोधी सूर लावायचा आहे. या कटिंगच्या सुस्थितीतल्या प्रतीला आज काही शे डॉलर मोजावे लागतात. त्या पैशात साध्या पिकअपऐवजी बरे पिकअप घेता येईल आणि मग उतरवलेल्या कटिंगचीच प्रत कितीतरी चांगली वाजेल. शिवाय 'चढा आवाज म्हणजे चांगला आवाज' हा कानाचा जुना भ्रम आहे. दोन प्रती शेजारी ठेवून तुलना करताना ज्यांनी आवाजाची पातळी सारखी करून घेतली नाही, त्यांच्या मताला मी फारशी किंमत देत नाही. बर्नी ग्रंडमन या अभियंत्याने क्लासिक रेकॉर्ड्स या पुनर्प्रकाशन कंपनीसाठी कापलेली प्रत आहे, २०१४ साली पेजच्या देखरेखीखाली निघालेली प्रत आहे. ब्रिटिश प्रतींचा तर इथे कोणी उल्लेखही केलेला नाही. क्रमांक ५८८१९८, तपकिरी झाक असलेल्या लाल लेबलची जुनी ब्रिटिश प्रत, जिच्या लेबलवर दुसऱ्या बाजूच्या दुसऱ्या गाण्याचे ('लिव्हिंग लव्हिंग मेड') नाव 'मेड'ऐवजी 'रेक' असे चुकीचे छापलेले सापडते, ती काही कमी प्रतीची नाही. १९७० च्या दशकातली के ४००३७ क्रमांकाची प्रतही ऐकण्यासाठी उत्तम आहे.

आडवाटेचा श्रोता (धागाकर्ता)

चोखंदळ यांचा पातळीविषयीचा मुद्दा शंभर टक्के मान्य आहे, आणि तो मीच पहिल्या लेखनात घालायला हवा होता. मी स्वतः माझ्या दोन प्रतींची तुलना करताना आधी पातळी कमी-जास्त करून कानाला सारखी वाटेपर्यंत जुळवली आणि मगच ऐकले. तरीही 'रॅम्बल ऑन'मध्ये जॉन पॉल जोन्सचा बास ज्या तऱ्हेने गाण्याखालून चालत राहतो, ते उतरवलेल्या कटिंगमध्ये मला मिळाले नाही; तिथे सूर कळतात, पण त्यांचे वजन जाणवत नाही. जॉन बॉनमच्या ढोलांचीही तीच गत आहे. याउलट, मधल्या सुरांत आणि गायनात मला फरक फार कमी वाटला. तेव्हा ज्यांचे स्पीकर लहान आहेत आणि खर्ज फारसा देतच नाहीत, त्यांनी या प्रतीच्या मागे धावू नये, इतपत मी चोखंदळ यांच्या बाजूने यायला तयार आहे.

पण किमतीपेक्षा मोठी अडचण झिजेची आहे, आणि तिच्याकडे विकत घेणारे दुर्लक्ष करतात. या रेकॉर्डी १९६९ मध्ये विशीतल्या मुलांनी घेतल्या आणि जड हाताच्या, बोथट सुयांच्या प्लेअरवर रोज वाजवल्या. जोरकस कापलेल्या खाचेत अशी सुई नीट बसत नाही, ती भिंतींवर आपटते आणि उंच सुरांचे बारीक नक्षीकाम तासून टाकते. ही झीज डोळ्यांना दिसतेच असे नाही. वरून आरशासारखी चकाकणारी आणि सुई टेकवताच खरखरणारी 'आरएल' प्रत मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिली आहे. माझी परीक्षा ठरलेली आहे. पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे 'थँक यू' लावायचे आणि त्याच्या शेवटाकडे जायचे. तिथे ऑर्गन विरत जाऊन जवळजवळ नाहीसा होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा वर येतो. बाजूच्या अगदी आतल्या वर्तुळातली ही जागा आहे, म्हणजे जिथे खाच सर्वांत दाटीची असते आणि झीज सर्वांत आधी होते, आणि वर ती हलक्या आवाजाची आहे, त्यामुळे खरखर लपवायला काहीच नसते. विक्रेत्याला तेवढ्याच भागाचे ध्वनिमुद्रण पाठवायला सांगा. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका.

नकली अक्षरांचाही प्रश्न विचारला जातो. प्लॅस्टिकवर नंतर कोणी सुईने 'आरएल' ओरबाडले, तर खरवडलेला भाग कडेला वर उचलला जातो, त्याची कड खरखरीत राहते आणि तळ पांढुरका दिसतो. साच्यातून आलेल्या अक्षराच्या कडा मऊ असतात आणि तळ बाकीच्या पट्ट्याइतकाच काळा आणि चकचकीत असतो. भिंगातून पाहिल्यावर हा फरक चटकन कळतो, मोबाइलच्या फोटोत कळेलच असे नाही.

जुनी सुई

थोडे अवांतर, पण अगदीच विषय सोडून नाही. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपलीच गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली होती. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडले. 'कोडा' या अल्बमच्या वाढवलेल्या आवृत्तीत ती आहेत. आपल्याकडच्या संग्राहकाने ती आवृत्ती जवळ ठेवायलाच हवी, असे मला वाटते. मुंबईच्या चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर मी वर्षानुवर्षे रविवारी सकाळी रेकॉर्डींचे गठ्ठे उपसले आहेत, आणि तिथे मला या बँडच्या ज्या प्रती मिळाल्या त्यातल्या निम्म्या कव्हरांत भलतीच रेकॉर्ड होती. तेव्हा आत काय आहे ते पाहिल्याशिवाय भाव विचारू नये. भाव विचारला की दुकानदाराला कळते.

अंजिरी

दोन दिवस लागले, पण झाले. रेकॉर्ड धुतली, सुकवली आणि काल रात्री टेबललॅम्पखाली बसले. आधी काहीच दिसेना. मामींनी चष्मा बदलून दिला. लेबलवर १८४१ ब्रॉडवे हा पत्ता आहे आणि क्रमांकानंतर 'सीटीएच' आहे, म्हणजे मंद्रसप्तक यांनी सांगितल्याप्रमाणे टेरे होट. पहिल्या बाजूवर मॅट्रिक्स क्रमांकाच्या जरा पुढे तिरक्या अक्षरात 'आरएल' आहे आणि त्यानंतर 'एसएस' आहे. मी आधी नुसती पाहिली, मग तुमच्या सांगण्यावरून नख फिरवून पाहिले. कडा मऊ आहेत. दुसरी बाजू मी तीन वेळा वाचली. क्रमांक आहे, त्यापुढे एक अक्षर आहे, पण 'आरएल' नाही. म्हणजे माझीही जुनी सुई यांच्यासारखीच मिश्र प्रत निघाली.

'थँक यू'चा शेवटही ऐकला. ऑर्गन विरतो तिथे थोडी चरचर आहे, पण तो परत वर येताना स्वच्छ ऐकू येतो. मामी म्हणाल्या की मामा ही बाजू क्वचितच पूर्ण वाजवत, कारण शेजारी भिंतीवर थापा मारत.

आडवाटेचा श्रोता (धागाकर्ता)

अभिनंदन. पहिली बाजू खरी आहे, आणि शेजाऱ्यांच्या थापांनी तिचे भलेच केलेले दिसते. दुसऱ्या बाजूवर मॅट्रिक्स क्रमांकानंतर जे एक अक्षर आहे ते कोणते, तेवढे कृपया लिहा. मिश्र प्रतींवर कोणत्या लॅकरची दुसरी बाजू येते याची नोंद मी करतो आहे. जुनी सुई, तुमच्या प्रतीवरचेही कळवा.